एअर सस्पेन्शन घ्यावं का? ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांमध्ये ठाणे आणि नवी मुंबईचीच जास्त आहेत आणि सगळ्यांचा विषय फिरून फिरून एकच, की गाडी कोटीच्या घरातली, पॉवर भरपूर, पण रोज बसून कंबर धरणार की नाही हे पैसे भरायच्या आधी कळणार कसं. म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी ठेवले आणि सगळी जागा सस्पेन्शनला दिली.

प्रश्न : मी कासारवडवलीला राहतो, ऑफिस महापेला. पोर्शे केयेन घ्यायचं जवळपास ठरलंय. स्टीलच्या स्प्रिंगवालं सस्पेन्शन गाडीसोबतच येतं, एअर सस्पेन्शनचे वेगळे पैसे आहेत आणि ते थोडेथोडके नाहीत. टेस्ट ड्राइव्हला गुळगुळीत रस्त्यावर दोन चकरा मारल्या, दोन्ही गाड्या मला सारख्याच वाटल्या. घरात आई आहे, पंचाहत्तरीची, कमरेचा त्रास आहे, ती मागेच बसते, आणि पुण्याला बहिणीकडे आमचं जाणं-येणं असतं. मित्र म्हणतात एअर घेऊ नकोस, पंक्चर होतं. काय करू?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : मित्रांची पंक्चरची भीती आधी डोक्यातून काढा. एअर सस्पेन्शनमध्ये स्टीलच्या स्प्रिंगच्या जागी जाड रबराचा फुगा असतो, त्यात कॉम्प्रेसर हवा भरतो, आणि तो फुगा रस्त्याला कुठेच टेकत नाही. वर्षांनुवर्षांनी रबर चिरतं, गळतं, हे खरं, त्याबद्दल पुढे वाशीच्या वाचकांचा प्रश्न आहेच. नवीन गाडी घेताना मात्र निर्णय त्यावर घेऊ नका.

आता मुद्द्याचं. गाडीत जे हादरे बसतात ते सगळे एका जातीचे नसतात आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. एक असतात मोठे आणि संथ, म्हणजे स्पीडब्रेकर, खचलेला रस्ता, पुलाच्या सुरुवातीचा चढउतार, तिथे गाडीची अख्खी बॉडी सेकंदाला एक-दीड वेळा वर-खाली होते. हे काम स्प्रिंग आणि शॉकअपचं, आणि इथे एअर खरंच छान चालतं. दुसरे असतात बारीक आणि झटपट, म्हणजे सर्व्हिस रोडचे पेव्हर ब्लॉक, डांबराची ठिगळं, गटाराची झाकणं, तिथे बॉडी हलायच्या आत चाकच सेकंदाला दहा-पंधरा वेळा थडथडतं. त्याला एअर असो की स्टील फारसा फरक पडत नाही, तिथे टायरचं रबर किती उंच, रिमचं वजन किती आणि सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सांध्यांतले रबरी तुकडे, कसे यावर सगळं अवलंबून. घोडबंदरला मेट्रोच्या कामामुळे जे चाललंय त्यात तुम्हाला दोन्ही जाती रोज भेटतात, मुख्य रस्त्यावर पहिली, सर्व्हिस रोडला दुसरी.

आणि तिसरी एक जात आहे जिच्याबद्दल शोरूममध्ये कुणी बोलत नाही, आणि तुमच्या आईसाठी मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण दर साडेचार मीटरवर आडवा सांधा असतो. पुण्याला जाताना एक्सप्रेसवेवर गाडी १०० ने चालली असेल तर सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, म्हणजे सेकंदाला सहा सांधे. ८० ने चालवली तरी पाचाच्या आसपास. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी थरथर सगळ्यात जास्त जाणवते, कंपनांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ २६३१, त्यातही हाच पट्टा सगळ्यात संवेदनशील धरलाय. म्हणजे एक्सप्रेसवेवर एकही खड्डा नसताना, दीड-दोन तासांनी आई म्हणते कंबर भरून आली, तेव्हा ती उगाच कुरकुर करत नसते, त्या सहा टिचक्या बरोबर तिच्या कमरेत जात असतात.

आता इथे गंमत बघा, हायवेवर लोक मुद्दाम स्पोर्ट मोड लावतात, रस्ता चांगला आहे म्हणून. स्पोर्टमध्ये शॉकअप घट्ट होतो, आणि या वेगाच्या थरथरीत शॉकअप जितका घट्ट तितका सांध्याचा टिचका सरळ वर सीटपर्यंत येतो. ओव्हरटेक करताना गाडी घट्ट हवीशी वाटते हे मला कळतं, पण मागे आई बसली असेल तर एक्सप्रेसवेवर कंफर्ट किंवा नॉर्मलच ठेवा. सायन-पनवेल हायवेच्या काँक्रीटलाही हेच लागू.

केयेनचं म्हणाल तर २०२३ च्या फेसलिफ्टपासून, म्हणजे त्याच मॉडेलच्या सुधारित आवृत्तीपासून, तिच्या शॉकअपमध्ये दोन व्हॉल्व आलेत, चाक वर दाबलं जाताना वेगळा आणि परत खाली येताना वेगळा, दोन्ही कॉम्प्युटर स्वतंत्रपणे घट्ट-सैल करतो. त्यामुळे स्टीलवाली गाडीसुद्धा आता बरीच समजूतदार झालीय आणि गुळगुळीत रस्त्यावर तुम्हाला फरक कळला नाही यात नवल नाही. एअरवालीत प्रत्येक फुग्याला दोन कप्पे आहेत, दोन्ही उघडे असले की हवेला जागा जास्त म्हणून स्प्रिंग मऊ, एक बंद केला की त्याच हवेला जागा कमी म्हणून कडक. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबून बघा, अर्ध्यावर आल्यावर कसा ताठ होतो, तसंच. दुसरा फायदा वजनाचा. चार माणसं आणि डिकीभर बॅगा भरल्या की स्टीलवाली मागून थोडी बसते आणि सस्पेन्शनला दबायला तेवढी जागा कमी उरते. एअरवाली हवा वाढवून तीच उंची धरते. आणि आईला चढायला-उतरायला गाडी खाली करता येते, हा फायदा कुठल्या ब्रोशरमध्ये मोठ्या अक्षरात नसतो पण पंचाहत्तरीच्या माणसाला रोज लागतो.

म्हणून माझं मत, एअर घ्या, पण सोबत परवानगी असलेली सगळ्यात छोटी रिम घ्या. मोठ्या रिमचे जे पैसे वाचतील ते एअरकडे वळवा. एअर घेऊन २२ इंची चाकं लावणार असाल तर मात्र तुम्ही एका हाताने घेतलेलं दुसऱ्या हाताने परत करताय, त्यापेक्षा स्टीलवाली छोट्या रिमवर घ्या, आई जास्त सुखात राहील.

टेस्ट ड्राइव्ह परत मागा आणि यावेळी अटी तुमच्या ठेवा. जी रिम घेणार त्याच मापाची गाडी हवी. आईला मागे डावीकडे बसवा आणि थोडा वेळ तुम्हीही तिच्या शेजारी बसा, कारण मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ असते आणि तिथले हादरे ड्रायव्हरला कधीच कळत नाहीत, शिवाय या गाड्यांचे मागचे टायर जास्त रुंद आणि बऱ्याचदा उंचीला पुढच्यापेक्षाही कमी असतात. मानपाडा-पातलीपाड्याचे फ्लायओव्हर, त्यावरचे लोखंडी जॉइंट, मग खाली सर्व्हिस रोडचे पेव्हर ब्लॉक, आणि तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर, एवढं फिरवा. ऐरोली पुलावरून महापेपर्यंत नेऊ दिली तर उत्तमच.

एक बारीक गोष्ट. एअरवाल्या गाडीत खड्डे आले की लोक गाडी सगळ्यात उंच मोडला नेतात. खालून काही घासू नये म्हणून ते ठीक, पण उंच केल्यावर चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही, त्यामुळे स्पीडब्रेकरवरून उतरताना चाक खाली जातं आणि टप्पकन टोकाला आपटतं, तो ठक्क आवाज ऐकू येतो. खड्ड्यातून जाताना नेहमीची उंची, कंफर्ट मोड आणि वेग कमी, हेच बरं.

प्रश्न : सीवूड्सला राहतो, रोजचं ड्रायव्हिंग पाम बीच रोडवर. एसयूव्हीला १९ ऐवजी २२ इंची काळ्या रिम्स लावायच्या आहेत, दिसायला फारच भारी दिसतात. कंफर्टला खरंच एवढा फरक पडतो का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : पडतो, आणि टायरवर लिहिलेल्या आकड्यांवरून घरबसल्या काढता येतो. या गटातल्या मोठ्या एसयूव्हीला १९ इंचीवर २५५/५५ माप चालतं, म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर आणि रबराची उंची तिच्या ५५ टक्के, म्हणजे १४० मिलिमीटर. २१ वर २८५/४० आलं की ११४ उरली. २२ वर २८५/३५, म्हणजे फक्त १०० मिलिमीटर. चाकाचा एकूण व्यास तिन्हीत जवळजवळ तोच, बाहेरून चाक मोठं झालेलं नसतं, रबर कमी होऊन धातू वाढलेला असतो. त्यात मोठी रिम आणि रुंद टायर बहुतेक वेळा वजनालाही जास्त, आणि चाकाचं वजन वाढलं की शॉकअपला ते आवरायला जास्त झगडावं लागतं.

पाम बीचवर तुम्हाला हे कळणार नाही, तो रस्ताच तसा आहे. पण ठाणे-बेलापूर रोडला लागलात, तुर्भ्याच्या बाजूला अवजड ट्रेलरनी रस्ता दाबून ठेवलाय तिथे गेलात, की कळेल. आणि प्रश्न नुसता कमरेचा नाही. पावसात पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, १०० मिलिमीटर रबर पूर्ण दबतं आणि रिमची कड थेट खड्ड्याच्या काठावर बसते, मग एकतर रिम वाकते किंवा टायरच्या बाजूला आतले धागे तुटून टेंगूळ येतं. टेंगूळ आलेला टायर दुरुस्त होत नाही, कुणी कितीही म्हणालं तरी त्यावर गाडी चालवू नका. आणि फोर-व्हील ड्राइव्हला एकच नवा टायर टाकून बाकीचे झिजलेले ठेवले तर चाकांचे व्यास वेगळे पडतात आणि ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाला, ताण येतो, म्हणून निदान त्या ॲक्सलची, म्हणजे पुढची किंवा मागची, जोडी बदलावी लागते. रस्त्यामुळे झालेलं हे नुकसान साधारणपणे वॉरंटीत बसत नाही. विम्यात टायर-रिमचं वेगळं कव्हर मिळतं, २२ घेणारच असाल तर ते न चुकता घ्या.

मन मोडत नाही तुमचं, पण तीच काळी फिनिश २० इंचीत मिळत असेल तर ती बघा. आणि १९ वरच राहिलात तर आणखी एक करा, टायरचं प्रेशर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो स्टिकर असतो त्यावरून ठेवा, सकाळी टायर थंड असताना. काही गाड्यांत कंफर्टसाठी वेगळं, कमी प्रेशर दिलेलं असतं. पंपावर न विचारता जास्त हवा भरतात आणि मग लोक सस्पेन्शनला दोष देत बसतात. रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे टायर असतील तर त्यांच्या बाजूच्या भिंती मुळातच कडक असतात, ते झिजल्यावर कंपनीच्या मान्यतेचे साधे टायर बसवता येतात का हे विचारून घ्या, राइड बरीच मवाळ होते, मात्र स्टेपनी किंवा पंक्चर किट सोबत ठेवावं लागेल.

प्रश्न : बीएमडब्ल्यू एक्स-५ ला एअर सस्पेन्शन मिळतं, मग त्याहून कितीतरी महाग एक्स-५ एम ला स्टीलच्या स्प्रिंग का? महाग गाडीत कंपनीने पैसे वाचवले?
— एक वाचक, कोलशेत

उत्तर : नाही, हेतूच वेगळा आहे. एम म्हणजे बीएमडब्ल्यूची स्पोर्टी गाडी, तिला वळणावर स्टिअरिंगला लगेच उत्तर हवं, स्टीलची स्प्रिंग प्रत्येक वेळी तंतोतंत तशीच वागते आणि इंजिनिअरला तिच्यावर शॉकअप आणि अँटी-रोल बार (गाडी वळणावर झुकू न देणारी दांडी) बारकाईने जुळवता येतात. फेरारीने २०२२ मध्ये पुरोसांग्वे आणली तीही स्टीलच्या स्प्रिंगवर आहे, फक्त तिच्या शॉकअपमध्ये ४८ व्होल्टची इलेक्ट्रिक मोटर आहे जी चाकाला स्वतःहून वर-खाली ढकलते. दुसरीकडे ऑडी क्यू-७, केयेन, बेंटले बेंटायगा आणि लँबोर्गिनी उरुस या चौघींचा प्लॅटफॉर्म, म्हणजे खालचा मूळ सांगाडा, एकच, चौघींत एअर मिळतं, तरी बेंटायगात आणि उरुसमध्ये मागे बसून बघा, दोन वेगळ्या जगातल्या गाड्या आहेत. म्हणून एअर आहे की नाही एवढ्यावर गाडी मऊ की कडक ठरवू नका.

बेंटायगाचा विषय निघालाच आहे तर, २०१५ मध्ये तिच्यात ४८ व्होल्टचे ॲक्टिव्ह अँटी-रोल बार आले आणि मला ही सोय एअरपेक्षाही मोलाची वाटते. साधा अँटी-रोल बार डाव्या-उजव्या चाकाला एकमेकांशी बांधतो, त्यामुळे वळणावर गाडी झुकत नाही, पण एकाच बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की दुसरी बाजूही ओढली जाते आणि आतल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. ॲक्टिव्ह बार सरळ रस्त्यावर ही गाठ सैल सोडतो आणि वळण आलं की आवळतो. आपल्या रस्त्यांवर खड्डे बहुतेक एकाच बाजूला असतात, तेव्हा ज्यांचं बजेट पोचतं त्यांनी हा पर्याय जरूर टिकमार्क करावा.

प्रश्न : आठ वर्षं जुनी एअर सस्पेन्शनवाली एसयूव्ही घेतली. सकाळी पार्किंगमध्ये बघतो तर मागची डावी बाजू खाली बसलेली, स्टार्ट केल्यावर वर येते. एका गॅरेजने कॉम्प्रेसर बदलला, बिल मोठं झालं, काही महिन्यांत नवा कॉम्प्रेसरही गेला. आता म्हणतात स्टीलच्या स्प्रिंग टाकून घ्या.
— एक वाचक, वाशी

उत्तर : वाचून वाईट वाटलं, कारण तुमचा कॉम्प्रेसर आजारी नव्हता, तो दमला होता. हवा कुठेतरी गळत होती आणि तो बिचारा दिवसभर भरत बसला. गळती तशीच ठेवून नवा टाकला, तोही तसाच जळला.

चारही बाजू रात्रीत सारख्या थोड्या खाली आल्या तर ते थंडीने हवा आकसल्यामुळेही असतं, काळजी नको. एकच कोपरा बसतोय म्हणजे त्या कोपऱ्याचा फुगा, त्याची नळी, नाहीतर व्हॉल्व ब्लॉकचा, म्हणजे चारही फुग्यांना हवा वाटणाऱ्या डब्याचा, तो एक व्हॉल्व. रात्री गाडी सपाट जागी लावा आणि टेपने प्रत्येक चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेवा, सकाळी स्टार्ट न करता, दारही न उघडता परत मोजा, कारण काही गाड्या दार उघडलं की लगेच स्वतःला सावरायला लागतात. मग गॅरेजला सांगा की गाडी लिफ्टवर घ्या आणि फुग्याच्या घडीवर आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी मारा. फुगा जिथे दुमडतो तिथेच बारीक चिरा पडतात, गाडी उंच केली की त्या घड्या उघडतात आणि बुडबुडे दिसतात. हे पाच-दहा मिनिटांचं काम आहे आणि ते न करता जो थेट कॉम्प्रेसर लिहून देतो त्याच्याकडे परत जाऊ नका.

फुगे त्या ॲक्सलचे दोन्ही बदला, एक आज फाटला तर दुसरा त्याच वयाचा आहे. कॉम्प्रेसरसोबत त्याचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच, बदला, जुना रिले चिकटला तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. आणि हवेतली ओल शोषणारा ड्रायर, तो विसरू नका, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तो लवकर भरतो आणि मग पाणी थेट व्हॉल्वमध्ये जातं. गाडी तिरकी उभी राहतेय पण हवा गळत नाही असं निघालं, तर उंची मोजणाऱ्या सेन्सरची छोटी दांडी बघा, चिखलात तिचा सांधा जाम होतो किंवा तुटतो, तो भाग तुलनेने स्वस्त असतो.

स्टीलच्या स्प्रिंग टाकायला माझा नकार आहे. गाडीचं स्टॅबिलिटी कंट्रोल, शॉकअपचं प्रोग्रामिंग, सगळं एअर धरून बसवलंय, स्प्रिंग टाकल्यावर डॅशबोर्डवर वॉर्निंग दाबून ठेवायला वेगळे उद्योग करावे लागतात, आणि पुढे विकताना घेणारा पहिलं तेच बघतो. हो, गाडी कधी टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा, आणि जॅक लावण्याआधी मेनूमधला जॅक मोड चालू करा, म्हणजे गाडी उंची स्वतःहून बदलत बसणार नाही.

प्रश्न : गाडी कंफर्ट मोडला ठेवली तरी मागे बसलेली माझी मुलगी महाबळेश्वरच्या घाटात उलट्या करते. आधीच्या साध्या हॅचबॅकमध्ये असं होत नव्हतं. मोठ्या गाडीत उलट का?
— एक आई, खारघर

उत्तर : कंफर्टला ठेवली 'तरी' नाही हो, कंफर्टला ठेवली म्हणूनही असेल. माणसाला मळमळतं ते फार संथ हेलकाव्यांनी, दोन सेकंदांत एक किंवा त्याहूनही सावकाश. घाटात वळणामागून वळण येतं तेव्हा गाडी याच लयीत डावी-उजवीकडे झुकते, कंफर्टमध्ये शॉकअप सैल असल्याने जास्त झुकते आणि झुकून सरळ व्हायला वेळ लावते. तुमची हॅचबॅक खाली होती, कडक होती, लहान होती, ती झुकायचीच कमी. शिवाय मोठ्या एसयूव्हीत पुढच्या सीट उंच आणि जाड, मुलीला समोरचा रस्ता दिसतच नाही, डोळे म्हणतात मी स्थिर आहे आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं आपण हलतोय.

घाट सुरू झाला की नॉर्मलला या. इंडिव्हिज्युअल मोड असेल तर त्यात शॉकअप मधल्या पायरीवर आणि इंजिन कंफर्टवर ठेवा, म्हणजे गाडी झुकणार नाही आणि ॲक्सिलरेटरचे धक्केही बसणार नाहीत. मुलगी बूस्टरवर बसत असेल तर मधल्या सीटला तीन पॉइंटचा बेल्ट आहे का आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये तिथे बूस्टर चालतो का बघा, चालत असेल तर मध्ये बसवा, समोरची काच दिसते. हातातला मोबाइल घाट संपेपर्यंत काढून घ्या. आणि जो कुणी चालवत असेल त्याला सांगा, वळणाच्या आधी ब्रेक, वळणात एकसारखा वेग, वळणात ब्रेक नको. पोलादपूरला चहाला थांबता तेव्हाच मोड बदलून घ्या, पुढे आंबेनळी घाट लगेच सुरू होतो.